आकड्याखाली टीप नाही

९ सप्टेंबर

आजपासून मी क्लबाचा पारदर्शकता अधिकारी. दारावर पाटी लागली आहे, तिच्या रंगाचा वास अजून गेलेला नाही.

इतकी वर्षं वर्तमानपत्राच्या क्रीडापानावरून ओरडत होतो, की फुटबॉलवाल्यांना पगार किती मिळतो, कोणाच्या बदल्यात कोणाला दिलं जातं, हे सगळं बंद दाराआड का चालतं. आता तेच दार उघडायला मला बोलावलंय. मॅनेजर स्वतः जिन्यापर्यंत घ्यायला आले. म्हणाले, "बाहेरून फार भुंकलात. आता आत या आणि घर राखा." मी मनापासून हसलो. माणूस दिलखुलास आहे.

एक गोष्ट मात्र त्यांनी दोनदा विचारली. "कॅप्टन तुमचे सख्खे मेहुणे ना?" म्हटलं, हो, हिचे थोरले भाऊ, पण मी कामात नातं आणत नाही. "तेच हवंय," ते म्हणाले. "तुम्ही केलेल्या कामावर कोणी बोट ठेवणार नाही."

ही खूश आहे. पगार वाढला आणि नोकरी भावाच्याच क्लबात. दुधात साखर, म्हणाली.

१३ सप्टेंबर

योजना पक्की झाली. ड्रेसिंग रूमबाहेरच्या बोळात मोठा पडदा लावायचा आणि त्यावर प्रत्येक खेळाडूला यंदा क्लबाकडून मिळणारी रक्कम दाखवायची. नियम मी घातला: नाव आणि आकडा, बस. टीप नाही, खुलासा नाही. टीप आली की पळवाट आली, हे मी पेपरात असताना शंभरदा पाहिलंय. मॅनेजरांना नियम इतका आवडला की त्यांनी तो लगेच टाइप करवून घेतला. "कल्पना तुमची, सहीही तुमचीच असू द्या," म्हणाले. केली.

त्यांचा स्वतःचा आणि मालकांचा आकडा कधी लावायचा, हेही मी विचारलं. भीड भिकेची बहीण. ते म्हणाले, पुढच्या टप्प्यात. ठीक आहे, सगळा डोंगर एका दिवसात पोखरता येत नाही.

दुपारी हिशेब खात्यातल्या बाई येऊन बसल्या. क्लबात सगळ्यांत जुन्या. म्हणाल्या, "यंदा कॅप्टनचा आकडा भलताच मोठा दिसणार आहे. क्लब बुडायला आला होता तेव्हा त्यांनी तीन हंगाम अर्धाच पगार घेतला. माझं राहू द्या, आधी पोरांचं भागवा, म्हणाले होते. ते राहिलेलं सगळं यंदा एकदम मिळतंय. आकड्याखाली तेवढी एक ओळ टाका."

मी नियम दाखवला. शिवाय पहिलीच सूट माझ्या मेहुण्याला दिली तर लोक काय म्हणतील? घरच्याला झाकतोय म्हणतील. बाई उठताना म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते उगाच नाही." हुशार बाई, पण जुन्या वळणाच्या.

२० सप्टेंबर

आज दादांकडे जेवायला गेलो होतो. दादा म्हणजे कॅप्टन, आमच्या टीमचे गोलकीपर. ही त्यांना दादा म्हणते म्हणून मीही.

सासूबाईंची नजर गेली त्याला आता बराच काळ झाला, पण त्या घरात त्यांना आंधळं म्हणायची कोणाची छाती नाही. भिंतीला बोटं लावून त्या खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत आमच्याहून भरभर जातात. दाराची चौकट, मग खिडकीचा कट्टा, मग कपाटाचा कोपरा. कट्ट्याशी त्या नेहमी थबकतात, रस्त्याचा आवाज ऐकतात आणि पुढे जातात. दादा त्या घरात खुर्चीसुद्धा हलवू देत नाहीत. मी स्टूल जरा सरकवलं तर गोलात उभे असल्यासारखे झेपावले आणि जागच्या जागी ठेवलं.

"जावईबापू, साहेब झालात म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "आता तरी वेळेवर जेवता की नाही? आवाजावरून पोट सुटलेलं दिसतंय."

जेवताना बदलीचा विषय निघाला. दूरच्या एका क्लबाला अनुभवी गोलकीपर हवाय आणि बदल्यात ते दोन तरुण खेळाडू द्यायला तयार आहेत, अशी कुजबुज आहे. दादा म्हणाले, "कुजबुजू देत. ज्याचे एका क्लबात दहा हंगाम झालेत, त्याला त्याच्या सहीशिवाय कुठे देता येत नाही. आणि सही मी करणार नाही. आईला या घरातून उचललं तर ती खरंच आंधळी होईल."

मग मी पडद्याचं सांगितलं, त्यांच्या आकड्याचंही. दादा फळ चिरत होते, चिरत राहिले.

"खाली काही लिहिणार नाही?"

"नाही. कोणाच्याच नाही."

"बरं," ते म्हणाले. "लावा भाऊजी. कर नाही त्याला डर कशाला."

मला फार बरं वाटलं. असा मेहुणा असल्यावर अधिकाऱ्याला काय अवघड आहे?

४ ऑक्टोबर

पडदा लागला. सरावानंतर सगळी टीम बोळात जमली. मी आणि मॅनेजर जिन्याच्या कठड्याशी उभे होतो.

मला वाटलं होतं चेष्टामस्करी होईल. कोणी काही बोललंच नाही. सगळ्यांत जास्त वेळ उभा होता सुसाट. हा आमचा तरुण फॉरवर्ड, यंदाचे बहुतेक गोल त्याचेच, आणि पगार नवशिक्याचा. त्याने कॅप्टनच्या आकड्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या, मग पुन्हा कॅप्टनच्या. दादा टॉवेल खांद्यावर टाकून त्याच्या मागून गेले आणि नेहमीप्रमाणे त्याच्या पाठीवर थाप मारली. सुसाट वळला नाही.

"पाहिलंत," मॅनेजर म्हणाले, "पोरांनी किती शांतपणे घेतलं."

खरंच. आरडाओरडा नाही याचा अर्थ विश्वास आहे.

८ ऑक्टोबर

ड्रेसिंग रूममध्ये दादांच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या आहेत. शेजारचे दोघे खिडकीकडे सरकलेत. तिथे वारा चांगला येतो म्हणे.

१२ ऑक्टोबर

आमच्या पडद्याचा फोटो पेपरात, तोही माझ्या जुन्या पेपरात. वर मथळा: "नुसतं गोलात उभं राहायचे एवढे?" मथळा वाईट नाही, मी असतो तर "नुसतं" काढलं असतं.

मॅनेजर पेपर घेऊन हसत आले. "तुमच्याच दोस्तांकडे कसा गेला हो फोटो?" मीही हसलो. म्हटलं, बोळातून दिवसभर निम्मं गाव जातं. "अर्थातच," ते म्हणाले. पेपर त्यांनी टाकून दिला नाही. घडी घालून खणात ठेवला आणि खणाला किल्ली लावली. कात्रणं जपणारा माणूस मला आवडतो.

१९ ऑक्टोबर

आज सराव पाहिला आणि मन जरा खट्टू झालं. पेनल्टीचा सराव चालला होता. एकेक जण पुढे यायचा आणि कोपरा सोडून सरळ दादांच्या तोंडावर बॉल मारायचा. जवळून, पूर्ण ताकदीने. दादा अडवत होते. शेवटी एक बॉल नाकावर बसला, रक्त आलं. कोणी जवळ गेलं नाही. कोच बुटाची नाडी बांधत होता, बराच वेळ बांधत होता.

मी नंतर विचारलं. दादा म्हणाले, "सराव आहे, भाऊजी."

"त्यांना सांगा ना, पैसे जुने आहेत म्हणून. त्यांच्यासाठीच सोडले होते म्हणून."

"मी सांगू? तेव्हा दिलं आणि आता बोलून दाखवू?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर वेगळं."

मी मॅनेजरांकडे गेलो. एक ओळ टाकू का, विचारलं. त्यांनी माझ्या सहीचा नियम काढून माझ्याचसमोर ठेवला. "टाका की. मी कोण अडवणार? फक्त उद्या पेपरवाले विचारतील की पहिली टीप साहेबांच्या मेहुण्यालाच कशी, तेव्हा उत्तर तुम्ही द्या." मुद्दा बिनतोड होता. मी परत आलो. हिशेबाच्या बाई बोळात भेटल्या, पण त्यांनी चहाला बोलावलं नाही.

असल्या कामात पहिले महिने अवघडच जातात. जखम उघडी केली की आधी झोंबते, मग भरते. हे मी स्वतःला दिवसभर सांगतोय.

२७ ऑक्टोबर

घरच्या मैदानावर हरलो. तीन गोल खाल्ले. तिन्ही वेळा आमचे बचावपटू बाजूला उभे होते, रस्ता ओलांडायला थांबल्यासारखे. समोरचा एकटा आला, दादा एकटे. तिसऱ्यानंतर प्रेक्षकांनी आकडा ओरडायला सुरुवात केली. मला वाटायचं लोक आकडे विसरतात. एक हजारही इकडचा तिकडे नाही, पडद्यावर लावलाय तसा, टाळ्यांच्या तालावर.

ही मधेच उठून गेली. घरी आल्यावर मी तिला सांगायला लागलो, की संक्रमणकाळात असं होतंच, तर म्हणाली, "समजावू नका हो. मी काय तुमच्या पेपरची वाचक आहे? आकडा तुम्ही लावलात. आई रेडिओ लावून बसली होती. तिने ऐकलंय ते."

जेवण झालं नाही. माझं काही चुकलं का, असं आज पहिल्यांदा वाटलं. पण चूक दाखवता येत नाही. आकडा खरा आहे, नियम सगळ्यांना सारखा आहे. मग हे काय होतंय?

३० ऑक्टोबर

दादांच्या घरावर कोणी तरी दगड मारला. खिडकी फुटली. दादा सरावाला होते. सासूबाईंना आवाज ऐकू आला, पण त्यांना वाटलं स्वयंपाकघरात भांडं पडलं. म्हणून त्या तिकडे निघाल्या, नेहमीसारख्या भिंतीने, चौकट, मग कट्टा. कट्ट्यावर सगळा काचांचा चुरा होता.

तळहाताला टाके पडले. बोटांनाही. डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस पट्टी राहील. म्हणजे तितके दिवस त्यांना घर दिसणार नाही.

दादा घरी परतले होते. त्यांचं नाक अजून सुजलेलं, आईचा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसले होते. मी आत गेलो तेव्हा उठले नाहीत. सासूबाईच म्हणाल्या, "जावईबापू का? या, बसा. माझंच चुकलं, बघून चालायला हवं होतं." आणि हसल्या. मला रडू आलं.

मॅनेजरांना कळवलं. त्यांना फार वाईट वाटलं, फुलं पाठवली. मग विचारलं, "तुमच्या घरी खोल्या किती?" म्हटलं, दोन, आणि सामानाची एक लहान. "म्हणजे एका माणसाची सोय होईल," ते म्हणाले. आजारी माणसाच्या सोयीचा इतका बारीक विचार करणारा वरिष्ठ मी पाहिला नाही.

५ नोव्हेंबर

बदल्यांची मुदत परवा संपते. मॅनेजरांनी दादांना बोलावून घेतलं होतं. केबिनची भिंत काचेची आहे, माझ्या टेबलावरून दिसते, ऐकू येत नाही. बराच वेळ मॅनेजरच बोलत होते. दादा हाताची घडी घालून, मान हलवून नाही म्हणत होते. मग मॅनेजरांनी किल्लीने खण उघडून काही तरी टेबलावर ठेवलं. दादांनी ते पाहिलं आणि वळून काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी हात केला. त्यांनी केला नाही.

बाहेर येताना माझ्या टेबलाशी थांबले. खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका, भाऊजी." कसली ते मी विचारणार होतो, तेवढ्यात फोन वाजला.

७ नोव्हेंबर

दादांनी सही केली.

मॅनेजर म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला." बदल्यात दोन तरुण आले आहेत, स्वस्त आणि ताजे. पत्रक मी लिहिलं: "परस्परसंमतीने, खेळाडूच्या इच्छेचा मान राखून." जुन्या पेपरातल्या माझ्या जागेवर बसलेल्या पोरीचा फोन आला. परवापर्यंत नाही म्हणणाऱ्या माणसाने सही का केली, असं विचारत होती. मी सांगितलं, की कराराच्या वाटाघाटी खाजगी असतात. ती म्हणाली, "सर, हे तुम्ही बोलताय?"

मला राग आला. आजकालच्या पोरांना विचारायचं कसं ते कळत नाही.

पण दादांना झालं काय? घराचं, आईचं एवढं सांगत होते. दगडाने घाबरणारा माणूस नाही तो. ही सकाळपासून हेच विचारते. शेवटी माणसाला पैसाच प्रिय असतो, असं मी बोलून गेलो, तर तेव्हापासून बोलत नाही.

१५ नोव्हेंबर

दादा गेले. तिकडे क्लबाने त्यांना वसतिगृहात एक खोली दिली आहे, जिना लोखंडी आणि उघडा. आईला तिथे नेणं शक्यच नाही. म्हणून सासूबाई आमच्याकडे आल्या आहेत, सामानाच्या खोलीत.

हाताची पट्टी निघाली, पण बोटांच्या टोकांना अजून नीट कळत नाही. सकाळपासून दोनदा कपाटावर आपटल्या. भिंतीला हात लावतात आणि थांबतात, पुढे काय असेल याची वाट बघत. त्या घरात भरभर चालणारी बाई इथे पाऊल घासत चालते. मी स्टूल, चपला, बादल्या सगळं वाटेतून काढलं, तर म्हणाल्या, "राहू द्या. काही तरी असू द्या हाताला लागायला."

ही बाहेर गेली होती. मी चहा दिला, हातात धरवला. त्या म्हणाल्या, "जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. तुमची नोकरी राहिली, त्यात सगळं आलं."

म्हटलं, माझ्या नोकरीचा काय संबंध?

"अहो, त्याला तेच सांगितलं ना तुमच्या मॅनेजरांनी. सही नाही केलीस तर फोटो तुमच्या भाऊजींनीच पेपराला विकला असं जाहीर करू, पेपर दाखवला म्हणे. मग तुम्हाला ना हा क्लब ठेवणार, ना तो पेपर घेणार. मला म्हणाला, आई, मी गेलो तर तुझं घर जाईल, नाही गेलो तर तिचं. तिचा संसार अजून व्हायचाय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुम्हाला ठाऊक असेल असं मला वाटलं. मी पोरीला काही बोलले नाही. तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून आलेलं बरं."

त्यांनी दोनदा विचारलं, "आहात का?"

१६ नोव्हेंबर

मी फोटो दिला नव्हता. हे निदान इथे तरी लिहून ठेवतो.

मॅनेजरांना दादांकडून सही करवून घ्यायची होती. पडदा त्यासाठी होता. मीही त्यासाठीच होतो. घरच्याला झाकत नाही हे दाखवायच्या नादात मी घरचाच माणूस उघडा पाडला, आणि नऊ सप्टेंबरला त्यांनी जिन्यात हात पुढे केला तेव्हाच त्यांना हे माहीत होतं. नाकाने कांदे सोलणारा माणूस हवा होता, तो मिळाला.

उद्या राजीनामा देणार. हिला आज सांगायला हवं होतं. उद्या दोन्ही.

१७ नोव्हेंबर

राजीनामा खिशात घालून गेलो. मॅनेजर उठून उभे राहिले, दार लावून घेतलं. पगारवाढीचं पत्र तयार होतं. आणि पुढचा टप्पा: पडद्यावर आता दुखापती. कोणाला काय झालंय, किती सामने चुकलेत. नाव आणि नोंद, खुलासा नाही. सुरुवात सुसाटपासून. त्याचा गुडघा गेला आहे हे मला आजच कळलं. क्लबाच्याच डॉक्टरने सुया टोचून त्याला हंगामभर पळवलं. ते अर्थात पडद्यावर येणार नाही. नवा करार मागतोय तो, आईवडिलांना इथे आणायचंय म्हणे. गुडघा एकदा दिसला की कोण देईल त्याला करार?

"नियम तोच आहे," मॅनेजर म्हणाले. "सही फक्त नवीन."

मी राजीनाम्यावर हात ठेवून बसलो होतो, खिशातल्या खिशात. आणि मग सगळं लख्ख दिसलं. दादांनी घर सोडलं, आईला सोडलं, कशासाठी? माझी नोकरी राहावी म्हणून. मी ती आज फेकून दिली तर त्यांनी केलेलं सगळं मातीत जाईल. त्यांच्याशी यापेक्षा मोठी बेइमानी कोणती? ही नोकरी टिकवणं हे आता माझ्या हातातलं राहिलेलं नाही, ते माझ्यावरचं ऋण आहे. दादांना हेच आवडेल. मी सही केली.

जेवताना ही कितीतरी दिवसांनी नीट बोलली. आईच्या ताटात वाढता वाढता म्हणाली, "दादाने सही का केली असेल हो? तो फोनवर विषयच बदलतो. तुम्हाला ऑफिसात काही कळलं का?"

मी म्हणालो, "नाही."

सासूबाई शेजारीच होत्या. त्यांचा घास हातातच राहिला. त्यांचे कान उत्तम आहेत.